वाचकांचे प्रश्न: गोठा, शेत आणि मधला हिशोब

या महिन्यात आलेले प्रश्न जवळपास सगळे एकाच दिशेचे आहेत, थोडी जमीन आहे, थोडी जनावरं आहेत किंवा घ्यायची आहेत, आणि दोन्हीचा मेळ कसा बसवायचा. म्हणून म्हटलं हा अंक त्यालाच देऊन टाकू. प्रश्न लांबलचक होते ते थोडे छाटलेत, नावं टाकलेली नाहीत. उत्तरं मात्र छाटली गेली नाहीत, त्याबद्दल संपादक आधीच कुरकुरलेत.

प्रश्न: ३ एकर शेती आहे, जनावर एकही नाही. २ गाई घेतल्या की रासायनिक खत पूर्ण बंद करता येतं असं जो तो सांगतो. खरं आहे का? एका गाईपासून खत मिळतं तरी किती?

दादा, पूर्ण बंद नाही होणार, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं डोकं शांत ठेवून वाचता येईल.

४०० किलोची गाय धरा. ती दिवसाला वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे १० किलो (ओल्या चाऱ्याचं पाणी वजा करून बरं का, हिरवा चारा ४० किलो दिसला तरी त्यात ३० किलोच्या वर पाणीच असतं). त्यातलं ४० टक्क्यांच्या आसपास न पचता बाहेर येतं, ते झालं ४ किलो कोरडं शेण, आणि ताज्या शेणात ८० टक्के पाणी असतं म्हणून आपल्याला पाटीत २० किलो दिसतं. वर्षाचं ७ टन. ऐकायला भारी वाटतं पण कुजताना निम्मं वजन उडून जातं, हातात उरतं ३ ते साडेतीन टन. शेणखतात नत्र (नायट्रोजन) अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे एका गाईमागे वर्षाला १५-१७ किलो नत्र. दोन गाईंचं झालं ३०-३५ किलो, आणि ते ३ एकरात वाटायचंय. पाण्याखालचं एक एकर धान्यपीकच ४०-५० किलो नत्र मागतं, कोरडवाहूला कमी लागतं पण तरी बघा. वर त्या शेणखतातलं नत्र पहिल्याच हंगामात सगळं पिकाला मिळत नाही, चौथा-तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं.

आता खरी गोम. ते नत्र गाईने आणलं कुठून? चाऱ्यातून. चारा आला कुठून? तुमच्याच शेतातून. गाय काही नवीन अन्नद्रव्य तयार करत नाही, ती फक्त फिरवते, आणि फिरवताना थोडं बाहेरही जातं. २००० लिटर दूध विकलं की त्यासोबत साधारण १० किलो नत्र आणि २ किलोच्या आसपास स्फुरद (फॉस्फरस) गेटाबाहेर गेलं समजा. तुम्ही पेंड आणि चारा विकत आणत असाल तर मात्र उलटं होतं, दुसऱ्याच्या शेतातली सुपीकता तुमच्या शेतात येते. ज्याच्याकडे १ एकर आणि ६ गाई, त्याची जमीन काळीभोर दिसते ती यामुळे. त्यात काही जादू नाही, कुणाच्या तरी शेतातून ती उचलून आणलेली असते.

मग गाई घ्यायच्या की नाही? घ्या, पण वेगळ्या कारणासाठी. शेणखतातला सेंद्रिय भाग जमिनीला पाणी धरून ठेवायला लावतो, माती भुसभुशीत होते, सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळतात, आणि रासायनिक खत टाकलं तर तेही जास्त लागू पडतं. तीनही एकरात दरवर्षी थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दरवर्षी एका एकराला भरपूर द्या, तिसऱ्या वर्षी फेरी पूर्ण होते. युरियाचा हात हळूहळू आखडता घ्या, माती तपासून. पहिल्या वर्षी एकदम बंद केलंत तर पीक पिवळं पडेल आणि शिव्या गाईला बसतील.

प्रश्न: दरवर्षी शेणखत टाकतो, ट्रॉलीच्या ट्रॉली, पण पिकात काही फरक दिसत नाही. उकिरडा गोठ्यामागे उघड्यावर आहे, वर्षातून एकदा उपसतो.

फरक दिसत नाही कारण खतातला जीव उकिरड्यातच गेलेला असतो. जनावराच्या शरीरातून जे नत्र बाहेर पडतं त्यातलं जवळपास निम्मं मूत्रात असतं, पालाश (पोटॅश) तर बहुतांश मूत्रातच. आणि आपण काय करतो, शेण जपून गोळा करतो आणि मूत्र मातीत जिरू देतो.

पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यात झोंबणारा जो वास येतो ना, तो अमोनिया आहे. मूत्रातलं नत्र युरियाच्या रूपात असतं, शेणातले जिवाणू त्याला लागले की काही तासांत अमोनिया व्हायला लागतो आणि हवेत उडतो. म्हणजे तो वास म्हणजे तुमचं खतच आहे, पैसे न घेता चाललेलं. त्यानंतर उकिरड्यावर ऊन, मग पाऊस. पावसात उकिरड्याखालून जे तपकिरी पाणी वाहतं त्यात पालाश आणि उरलेलं नत्र धुऊन जातं. उघड्यावरच्या ढिगातून निम्म्यापर्यंत नत्र जाऊ शकतं. मग वर्षाने जे हाती येतं ते वजनाला भरपूर असतं, त्यात माती आणि चोथाच जास्त.

करायचं काय ते सांगतो, खर्चिक नाहीये. गोठ्याची जमीन पक्की करा, सिमेंटच हवं असं नाही, चांगली धुमसलेली असली तरी चालेल, पण उतार हवा, दर मीटरला २ सेंटीमीटर पुरतो, त्यापेक्षा जास्त दिला तर जनावराच्या मागच्या पायांवर ताण येतो. शेवटी एक नाली आणि नालीच्या टोकाला टाकी किंवा ड्रम. तेही जमत नसेल तर अंथरूण वापरा, वाळलेला पालापाचोळा, भुसा, गव्हाणीत उरलेलं काड, एका मोठ्या जनावरामागे रोज २-३ किलो. हे काड मूत्र पिऊन घेतं आणि त्यात कर्ब (कार्बन) भरपूर असल्यामुळे जिवाणू ते नत्र स्वतःच्या अंगात धरून ठेवतात. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ८० ला १ असतं, शेणात २० ते २५ ला १. दोन्ही मिसळून ३० ला १ च्या आसपास आलं की ढीग छान तापतो.

ढीग सावलीत घ्या, वरून माती किंवा ताडपत्री. आतला मूठभर माल घेऊन घट्ट दाबा, बोटांच्या फटीत ओल चमकली पण थेंब पडला नाही तर ओल बरोबर आहे. थेंब गळाले तर कोरडं काड मिसळा, मूठ उघडल्यावर माल भुरभुरला तर पाणी मारा. बरोबर जमलेला ढीग चार-पाच दिवसांत ५५ ते ६० अंशांवर जातो, लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही तर समजा काम चालू आहे. तणांचं बी आणि बरेच रोगजंतू या उष्णतेत मरतात, फक्त बाहेरचा माल आत जावा म्हणून ढीग दोन-तीनदा पालटायला हवा. आणि शेतात नेल्यावर छोटे छोटे ढीग करून पंधरा दिवस उन्हात सोडून देऊ नका हो, त्याच दिवशी पसरून मातीत मिसळा.

प्रश्न: अडीच एकर, घरात माणसं तीन, पैकी एक नोकरीला. गाय, म्हैस की शेळ्या? सगळे वेगवेगळं सांगतात.

सगळे स्वतःकडे जे आहे ते सांगतात, तो माणसाचा स्वभाव आहे.

मी तुम्हाला आधी उलट विचारतो, वर्षभर चारा किती होतो? धान्याच्या पिकात जेवढं धान्य साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त काड निघतं, त्यावरून अंदाज काढा. एका मोठ्या जनावराला वर्षाला साडेतीन टनाच्या वर कोरडा चारा लागतो. तेवढ्यावर ८ ते १० शेळ्या जगतात. आकडा पुरा पडत नसेल तर जात कुठलीही घ्या, तुम्ही चारा विकत घेणारे होणार, आणि टंचाईत चारा महागतो तेव्हाच जनावरांचा भाव पडतो कारण सगळेच विकायला काढतात.

गाय दूध जास्त देते, तुलनेने लवकर वेतात येते, गाभणकाळ ९ महिने आणि थोडे दिवस. म्हैस १० महिने १० दिवसांच्या आसपास घेते, पहिल्या वेताला उशीर लावते, उन्हात तिला पाणी नाही मिळालं तर हाल होतात, पण जाडाभरडा चारा निवांत पचवते आणि दुधाला फॅट ६-७ टक्के किंवा वर. जिथे फॅटवर भाव मिळतो तिथे म्हैस, जिथे लिटरवर तिथे गाय, इतकं सोपं जवळपास. पण दोघींनाही दिवसातून दोन वेळा, रोज, कुणीतरी घरी लागतं, आणि तुमच्याकडे मोकळी माणसं दोनच. दोन्ही माणसं एकाच लग्नाला गेली तर धार कोण काढणार?

शेळी ५ महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, झाडपाला खाते, म्हणजे बांधावरची झुडपं जी गाय बघतही नाही ती तिला चालतात. आणि शेळ्या म्हणजे सुटे पैसे. शाळेची फी भरायची तर एक बोकड विकता येतो, पाव गाय विकता येत नाही. तोटा असा की ओल तिला सोसत नाही, निमोनिया आणि जंत यांनी करडं पटापट जातात, आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस चुकवली तर एका आठवड्यात अख्खा कळप झोपतो. (पीपीआरचा विषाणू हा बुळकांडीचा, म्हणजे गुरांच्या जुन्या जीवघेण्या साथीचा, भाऊबंद. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं उद्दिष्ट आहे, तोवर लस टोचत राहा.) आणि राखायला माणूस नसेल तर शेळी आधी शेजाऱ्याच्या पिकात जाते आणि मग तुम्ही भांडणात.

तुमच्या जागी मी असतो तर ५-६ शेळ्या बांधून आणि थोडं चारून पाळल्या असत्या, गाय दोन वर्षांनी बघितली असती.

प्रश्न: काडाला युरिया लावून जनावराला द्यायचा म्हणे. युरिया तर विष ना? एका ओळखीच्यांची गाय युरिया खाऊन मेली.

दोन्ही खरं आहे. सुटा युरिया किंवा त्याचं पाणी जनावराच्या तोंडी लागलं तर पोटात एकदम अमोनिया होतो, थरथर सुटते, पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, आणि डॉक्टर यायच्या आत खेळ संपू शकतो. आणि तोच युरिया काडात मुरवला तर निकस काड बऱ्यापैकी चारा बनतं. फरक आहे तो मुरवण्याचा.

गाय, म्हैस, शेळी यांच्या पहिल्या पोटात जिवाणूंचा कारखाना असतो. ते जिवाणू काडातला सेल्युलोज फोडतात, आणि नत्र मिळालं की त्यापासून स्वतःचं प्रथिन बनवतात, पुढे जनावर त्या जिवाणूंनाच पचवतं. काडात नत्रच नसतं, प्रथिन ३-४ टक्के फक्त, त्यामुळे कारखाना उपाशी आणि काड पोटात पडून. मुरवलेल्या काडात ते ७-८ टक्क्यांवर जातं, शिवाय अमोनियामुळे काड मऊ पडतं आणि जनावर जास्त खातं.

प्रमाण: १०० किलो वाळलेलं काड, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, एक खडाही तळाशी नको. प्लास्टिकवर काडाचा थर टाका, झारीने पाणी शिंपडा, वरखाली करा, पायाने तुडवून दाबा, मग दुसरा थर. शेवटी प्लास्टिकने सगळीकडून हवाबंद आणि कडेने माती. ३ आठवडे हात लावायचा नाही. उघडल्यावर काड तपकिरी-पिवळं दिसतं आणि नाकात झिणझिण्या येतील असा वास येतो. लागेल तेवढंच काढून पसरवून एक-दोन तास हवा लागू द्या, मग द्या. पहिल्या दिवशी गाय तोंड फिरवेल, थोडं थोडं मिसळून सवय लावा. काळ्या बुरशीचा भाग आला तर तो टाकून द्या.

६ महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही, त्यांचा कारखाना अजून सुरू झालेला नसतो. घोडा, गाढव, डुक्कर यांना पण नाही. आणि ज्या बादलीत युरिया कालवला ती बादली गोठ्यात ठेवायची नाही, बरेच अपघात याच बादलीने होतात. हिरवा चारा भरपूर असेल तर या भानगडीत पडूच नका, हे फक्त नुसत्या काडावर दिवस काढायचे असतात तेव्हासाठी.

प्रश्न: बैलजोडी विकू का? ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, जोडी वर्षभर नुसती खाते.

चांगली बैलजोडी म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर. बैल सलग ओढतो ते त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या जोराने, तेही ५-६ तास. नांगरणीत ट्रॅक्टरशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही आणि करूही नये. पण उभ्या पिकातली कोळपणी, पावसाने उघडीप दिल्यावर दोन दिवसांची पेरणी, बांधाच्या कडेचा अरुंद तुकडा, तिथे बैल वेळेवर हजर असतो. भाड्याचा ट्रॅक्टर वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की सगळ्यांनाच एकदम हवा असतो आणि तुमचा नंबर येईपर्यंत ओल गेलेली असते. एक पेरणी उशिरा झाली तर किती पिकलं नाही, तो हिशोब जोडीच्या चाऱ्यासमोर मांडा. तरी परवडत नसेल तर विकण्याआधी शेजाऱ्यासोबत एक-एक बैल ठेवून जोडी जमते का विचारा, दोन छोट्या शेतांना एक जोडी सहज पुरते. भाऊबंदकी चांगली असेल तरच, अर्थात.

प्रश्न: आमच्याकडे गाई वाढवायच्या ठरल्यात, ३ च्या ६. ठरवलं घरातल्या पुरुषांनी, पण शेण, पाणी, वैरण, धार सगळं मी करते. नको म्हटलं तर म्हणतात उत्पन्न वाढेल. मी काय उत्तर देऊ?

ताई, तुम्ही बोलून नका दाखवू, आकडा लिहून दाखवा. उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते. ६ गाईंचे ४०० लिटर धरले तर १५ लिटरच्या २५-२७ कळश्या-बादल्या होतात, धुण्याचं पाणी वेगळं. शेण १२० किलो रोज. ओला चारा दीड-दोनशे किलो कापून, आणून, कुट्टी करून. दोन धारा. हे सगळं एका कागदावर, पुढे कोण करणार त्याचं नाव, आणि ज्या ओळीत तुमचंच नाव येतंय तिथे मजुरी लिहा, बाहेरच्या माणसाला जी द्यावी लागेल ती. मग उत्पन्नातून ती वजा करा. बऱ्याच घरांत दुधाचा नफा म्हणतात तो घरच्या बाईची न दिलेली मजुरीच असते, हे कागदावर आलं की चर्चेचा सूर बदलतो.

दुसरं, ३ गाईंतच जास्त निघतंय का ते बघा. गव्हाणीत पाणी चोवीस तास समोर असेल अशी टाकी आणि नळी एवढंच केलं तरी दूध वाढलेलं दिसतं कारण दुधात ८७ टक्के पाणीच असतं, आणि तुमची निम्मी खेप वाचते. गाई वाढवायच्याच ठरल्या तर आधी नळी आणि कुट्टी मशीन, गाय नंतर. आणि दुधाचे पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्यावर तुमचं नाव आहे का? नसेल तर ती चर्चा गाईंच्या आधी करा.

प्रश्न: जनावरांशिवाय शेती होऊच शकत नाही असं म्हणतात. आमच्याकडे पाळायची सोय नाही. मग आमची जमीन खराबच होणार का?

नाही हो. जनावराशिवायही जमीन चांगली राखता येते, हिरवळीचं खत, कंपोस्ट, शेंगवर्गीय पिकं यांच्यावर. जनावर असलं की एक गोष्ट सोपी होते, ती म्हणजे चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक लावणं परवडतं. मेथीघास किंवा क्लोव्हर मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र जमिनीत आणतात, चांगलं पीक हेक्टरी वर्षाला १००-२०० किलो सहज. विकतचं खत सोडलं तर हीच ती मुख्य जागा जिथे खरोखर नवीन नत्र शेतात येतं, वर पहिल्या उत्तरात म्हटलं तसं गाय नुसती फिरवते. पण माणूस मेथीघास खात नाही, म्हणून ज्याच्याकडे जनावर नाही तो ते पीक सहसा लावत नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये जी चार पिकांची फेरपालट गाजली, गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर, तिचं सगळं इंगित हेच. चारपैकी दोन पिकं मुख्यतः जनावरांची. पडीक ठेवायची जमीन चाऱ्याखाली आली, चाऱ्यावर जास्त जनावरं हिवाळा काढू लागली, त्यांचं खत आणि क्लोव्हरचं नत्र गव्हाला मिळालं.

तुम्ही पाळू शकत नाही तर ज्याच्याकडे जनावरं आहेत त्याला काड द्या आणि शेणखत घ्या. लेखी ठेवा, किती काडाला किती खत, नाहीतर पावसाळ्यात काड जातं आणि उन्हाळ्यात खत येत नाही.

प्रश्न: मुलगी शाळेतून शिकून आली की गाईंच्या ढेकरांमुळे पृथ्वी तापते. आमच्या दोन गाईंनी काय होतंय?

मुलगी बरोबर सांगते. रवंथ करणाऱ्या पोटात मिथेन होतो आणि तो मुख्यतः ढेकरांतूनच येतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के धरला होता, २०२३ च्या अहवालात तो १२ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे थोडाथोडका नाही.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. तो मिथेन म्हणजे चाऱ्यातली वाया गेलेली ऊर्जा, साधारण ६ टक्के. निकस काडावर पोसलेली, वर्षानुवर्षं भाकड असलेली गाय ढेकर तर देतेच, दूध नाही देत. चारा सुधारला, वेळेवर गाभण राहिली, तर दर लिटरमागे मिथेन कमी होतो आणि खर्चही. शेणाचा बायोगॅस केला तर २५ किलो शेणातून साधारण १ घनमीटर गॅस निघतो, दोन गाईंच्या ४० किलोत ४-५ माणसांचा स्वयंपाक होतो. खत कुठे जात नाही, ते स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यात, राहतं. फक्त टाकी गळकी नको, नाहीतर मुलीला परत शाळेत विचारायला लागेल.

प्रश्न: गाय विऊन ५ महिने झाले, गाभण राहत नाही.

आधी माज, म्हणजे गाय फळायला तयार असते तो काळ, चुकतोय का बघा. २१ दिवसांनी येतो, दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय उभी राहते ती खरी वेळ १२ ते १८ तासच, आणि बऱ्याचदा रात्री, त्यामुळे झोपायच्या आधी एक चक्कर मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. एक माज हुकला की २१ दिवस, म्हणजे २०० किलोच्या वर कोरडा चारा फुकट गेला. गाय हाडं दिसण्याइतकी खंगली असेल तर आधी खुराक आणि क्षार मिश्रण, इंजेक्शनं नंतर. तीन वेळा भरूनही उलटली तर डॉक्टरकडून गर्भाशय तपासून घ्या.

प्रश्न: पाऊस ओढला, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली. दाणे येणार नाहीत. गुरं सोडू का?

नका सोडू! कोवळ्या आणि पाण्याच्या ताणात वाढलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं, आणि ताणानंतर पाऊस पडून नवे फुटवे आले की ते सगळ्यात धोक्याचे. जनावर भुकेलं असेल तर मिनिटांत आडवं होतं. फुलोऱ्यात आलेली ज्वारी सहसा सुरक्षित. तोवर थांबता येत नसेल तर कापून कडक उन्हात पूर्ण वाळवा, किंवा मुरघास करा (हिरवा चारा हवाबंद करून आंबवणं), दोन्हीत विष बरंच उतरतं. आणि पहिल्यांदा देताना पोटात दुसरा चारा असू द्या. श्वास जोरात, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत असं दिसलं तर औषध आहे पण ते शिरेतून द्यावं लागतं, घरगुती उपायात वेळ घालवू नका.

प्रश्न: २० कोंबड्या आहेत, भाजीच्या वाफ्यात सोडल्या तर किडे खातात आणि खतही होतं. बरोबर ना?

किडे खातात, तशी रोपंही खातात, आणि गांडूळ शोधताना वाफा उकरून ठेवतात. भाजी निघाल्यावर रिकाम्या वाफ्यात सोडा, फळबागेत सोडा, तिथे फायदाच फायदा. खताचं म्हणाल तर कोंबडीची विष्ठा शेणापेक्षा कितीतरी तेज, कर्ब-नत्र प्रमाण १० ला १ च्या आसपास, ताजी टाकली की कोवळी मुळं करपतात. आणि तिच्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, त्यामुळे कच्ची खायची भाजी, कोथिंबीर, काकडी, गाजर, यांना ताजी विष्ठा अजिबात नको. ताजी टाकलीच असेल तर टाकल्यापासून काढणीपर्यंत चार महिने जाऊ द्या. त्यापेक्षा खुराड्यात खाली भुसा किंवा वाळला पाला अंथरा, तो विष्ठेसकट काढून वर सांगितल्यासारखा ढीग लावा. २० कोंबड्यांचा ढीग एकट्याने तापत नाही, फार छोटा पडतो, म्हणून शेणाच्या ढिगातच मिसळा. कोंबड्यांना रात्री कोंडताना मोजा, मुंगूस आधी कुठल्या कोपऱ्यातून येतं ते कळेल.